पाचशे रुपयांचा हिशेब

अमेरिकेच्या चित्रपट अकादमीतर्फे परभाषी चित्रपटाला जे पारितोषिक दिले जाते, त्याच्या अंतिम यादीपर्यंत जाऊन पोचलेले पहिले तीन भारतीय चित्रपट म्हणजे 'मदर इंडिया' (१९५७), 'सलाम बॉम्बे' (१९८८) आणि 'लगान' (२००१). तिघांपैकी एकालाही पारितोषिक मिळाले नाही, ही गोष्ट अलाहिदा. चित्रपटांचे जाणकार या तिघांची तुलना दिग्दर्शन, संगीत, अभिनय या अंगांनी करतील. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याचे लक्ष मात्र एका वेगळ्याच साम्याकडे जाते. तिन्ही कथांच्या मुळाशी एक देणे आहे. 'लगान'मध्ये ते सरकारी साऱ्याचे आहे. 'मदर इंडिया'मध्ये ते मुलाच्या लग्नासाठी आईने सुखीलाला सावकाराकडून काढलेल्या पाचशे रुपयांचे आहे. आणि 'सलाम बॉम्बे'मधला कृष्णा घरापासून तुटतो तोही पाचशे रुपयांपायीच. मोठ्या भावाची दुचाकी त्याने रागाच्या भरात पेटवून दिलेली असते. तिची भरपाई केल्याखेरीज घरात पाऊल टाकायचे नाही, असे बजावून आई त्याला सर्कशीत सोडून जाते. 

तीस वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन चित्रपटांत रकमेचा आकडा तोच यावा, हा निव्वळ योगायोग असेल. या तीस वर्षांत रुपयाची किंमत किती घसरली हे सांगावयास नको. पण सुखीलालाच्या कुळाला १९५७ च्या चित्रपटात जे पाचशे फिटत नाहीत, तेच चहाच्या टपरीवरच्या पोराला १९८८ च्या चित्रपटातही जमत नाहीत. कर्जात बुडालेले खेडे आणि फूटपाथवर निजणारे शहर यांना जोडणारा जो रस्ता आहे, त्याची ही दोन टोके आहेत असे मला वाटते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला त्या रस्त्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही.

यांतल्या मधल्या चित्रपटाची आणि त्याच्या दिग्दर्शिकेची चर्चा आज पुन्हा करावीशी वाटते, तिला एक कारण आहे. न्यूयॉर्कच्या महापौरपदी २०२५ मध्ये निवडून आलेले जोहरान ममदानी हे श्रीमती मीरा नायर यांचे चिरंजीव. त्यामुळे ज्यांना त्यांचे चित्रपट ठाऊक नव्हते, त्यांनाही आता त्यांचे नाव ठाऊक झाले. परंतु कोणाची आई म्हणून नव्हे, तर आपल्याकडच्या गरिबांचे जगणे पडद्यावर नेण्याचा एक निराळा व्यवहार घालून देणारी बाई म्हणून त्यांचा विचार व्हावयास हवा. 'व्यवहार' हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहे.

श्रीमती नायर यांचा जन्म १९५७ चा, राउरकेल्याचा. वडील सनदी अधिकारी. बालपण भुवनेश्वरात गेले. दिल्लीच्या मिरांडा हाउसमध्ये काही काळ शिकून १९७६ मध्ये त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेल्या आणि तेथे अनुबोधपटाकडे वळल्या. त्यांचे पहिले चार चित्रपट अनुबोधपटच आहेत. विद्यार्थिदशेत केलेला पहिला (१९७९) दिल्लीच्या जामा मशिदीच्या परिसरावरचा. दुसरा, 'सो फार फ्रॉम इंडिया' (१९८३), न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत वर्तमानपत्रे विकणाऱ्या एका भारतीयाचा. बायको हिंदुस्थानात सासरी आहे, ती वाट पाहते आहे. हा तिकडे भुयारात उभा राहून इंग्रजी वर्तमानपत्रे विकतो आहे. पुढे तो घरी येतो तेव्हा तो त्या घरचा पाहुणा झालेला असतो. देशांतर केलेल्या माणसाचे दुःख सांगायला या चित्रपटाला कोणतेही कथानक रचावे लागले नाही. तिसरा, 'इंडिया कॅबरे' (१९८५), मुंबईच्या एका उपनगरातील नाचणाऱ्या बायकांमध्ये राहून केलेला. चौथा (१९८७) गर्भजल तपासून मुलीचा गर्भ पाडण्याच्या प्रथेवर होता. या प्रथेविरुद्ध देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

चार अनुबोधपट करून झाल्यावर त्या कथापटाकडे वळल्या, याचे एक कारण त्यांनी स्वतःच वेळोवेळी सांगितले आहे: अनुबोधपटाला प्रेक्षक मिळत नाही. हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला पटण्यासारखे आहे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये स्थापन झाली. तिचे अनुबोधपट प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी दाखविणे सक्तीचे होते, आणि त्या वेळात लोक बाहेर विडी ओढीत उभे असत. त्या संस्थेने तयार केलेल्या उत्तम कृतीही अशा धुरात गेल्या. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तेव्हा किती जणांना चुकल्यासारखे वाटले असेल, देव जाणे. असो.

'सलाम बॉम्बे' हा कथापट आहे, पण त्याची जडणघडण अनुबोधपटाची आहे. पटकथा लिहिणाऱ्या सूनी तारापोरवाला या मुंबईच्या पारशी घरातल्या आणि श्रीमती नायर यांच्या हार्वर्डमधल्या मैत्रीण. दोघींनी आधी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांत हिंडून त्यांचे बोलणे, त्यांचे धंदे, त्यांच्या थापा टिपून घेतल्या. मग मुलांची कार्यशाळा भरविली. ती चालविणारे बॅरी जॉन हे नाट्यशिक्षक इंग्लंडहून येऊन भारतात स्थायिक झालेले. म्हणजे देशांतराची वाहतूक एकाच दिशेची नसते. आलेल्या पुष्कळ मुलांतून सुमारे दोन डझन मुले निवडण्यात आली आणि त्यांच्याकडूनच रस्त्यावरच्या मुलांच्या भूमिका करून घेण्यात आल्या. त्यांच्याबरोबर नाना पाटेकर, रघुवीर यादव, अनिता कंवर अशी रंगभूमीवर मुरलेली मंडळी. चित्रीकरण कामाठीपुऱ्यात, रेल्वे स्थानकांवर, भर गर्दीत. कामाठीपुरा हे नावसुद्धा तेलंगी मुलखातून मजुरीला आलेल्या कामाठ्यांचे, ही आठवण या संदर्भात अप्रस्तुत ठरू नये.

चित्रपटाचे कथानक मी सविस्तर सांगत बसत नाही. पण त्यातल्या तीन जागा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घालाव्यात अशा आहेत. पहिली, पत्रलेखकाची. कृष्णा साठलेल्या पैशांतून आईला पत्र लिहवून घेतो. लेखनिकाच्या त्या छोट्या भूमिकेत तेव्हा कोणालाच माहीत नसलेले इरफान खान आहेत. पत्राचा मजकूर लिहून होतो, मोबदला दिला जातो, पण गावाचा पुरता पत्ता मुलाला सांगता येत नाही. घरी मनिऑर्डर करणाऱ्या लाखो मजुरांच्या शहरात या मुलाकडे देणे फेडायची इच्छा आहे, जमवायला सुरुवात केलेली रक्कम आहे आणि ती पाठवायला ठिकाण नाही. 

दुसरी जागा चिलीम या पात्राची. गर्द विकणारा आणि गर्दच्याच आहारी गेलेला हा तरुण कृष्णाचा एकमेव मित्र. कृष्णाची साठवणही तोच चोरतो आणि मरतो. काही दिवसांनी कृष्णा परत येतो तेव्हा त्या नाक्यावर नवा पोरगा उभा असतो, तोच माल विकत. त्याचेही नाव चिलीमच. म्हणजे चिलीम हे माणसाचे नाव नव्हतेच, ते एका जागेचे नाव होते, आणि जागा रिकामी राहत नसते. खुद्द कृष्णालाही तेथे कोणी कृष्णा म्हणत नाही; चहाच्या टपरीवरचा म्हणून तो 'चायपाव'. बेकारांची राखीव फौज ही कल्पना वर्गात तासभर समजावून सांगितली तरी जे मुलांच्या गळी उतरत नाही, ते या एका प्रसंगाने उतरते.

तिसरी जागा कायद्याची. एका लग्नात वाढप्याचे काम करून रात्री परतताना कृष्णा आणि लहानगी मंजू पोलिसांच्या हाती लागतात. मुलगा बालसुधारगृहात जातो. मंजूची आई वेश्या. म्हणून मुलीचा सांभाळ करायला ती नालायक, असा सरकारी निर्णय होतो आणि मुलगी तिला परत मिळत नाही. कागद बरोबर आहे, शिक्काही बरोबर आहे. आईचे मुलीवर प्रेम आहे की नाही, याला कागदावर रकाना नाही.

वास्तव आणि कल्पित यांची ही सरमिसळ नवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. अनुबोधपटाचा आद्य पुरुष मानला जाणारा रॉबर्ट फ्लाहर्टी हा एस्किमो कुटुंबावरचा आपला १९२२ चा चित्रपट काढावयास गेला, तेव्हा बर्फाच्या घरात कॅमेरा मावेना म्हणून त्याने अर्धेच घर बांधवून घेतले आणि ती माणसे बंदुका वापरू लागली असतानाही त्यांना भाल्याने शिकार करावयास लावले. त्या चित्रपटाचा खर्च फरचा व्यापार करणाऱ्या एका फ्रेंच कंपनीने सोसला होता. तेव्हा सत्यपटात खोटे किती आणि कथापटात खरे किती, हा वाद चित्रपटाइतकाच जुना आहे. मला त्यापेक्षा निराळा मुद्दा मांडावयाचा आहे.

अनुबोधपटात ज्याचे आयुष्य दाखविले जाते, त्याला 'विषय' म्हणतात. विषयाला पैसे देणे हे त्या व्यवसायात शिष्टसंमत नाही. पैसे दिले की माणूस पैशासाठी बोलेल आणि सत्याला बट्टा लागेल, असा त्यामागचा युक्तिवाद. युक्तिवाद प्रामाणिक आहे. पण त्याचा परिणाम असा की कॅमेरावाल्याला पगार, ध्वनिमुद्रकाला पगार, गाडीच्या चालकाला भत्ता, आणि ज्याच्या दुःखावर सगळे उभे आहे तो मात्र बिनपगारी. कथापटात तसे चालत नाही. तेथे तोच माणूस नट होतो, आणि नटाला मेहनताना द्यावाच लागतो. श्रीमती नायर यांनी रस्त्यावरच्या मुलांचे आयुष्य कल्पित कथेत घातले, तेव्हा कलेच्या दृष्टीने काय घडले ते समीक्षकांनी पुष्कळ सांगितले. अर्थव्यवहाराच्या दृष्टीने असे घडले की जी मुले 'विषय' होती, ती कामगार झाली. शिवाय त्यांना स्वतःचे नाव आणि स्वतःची लाज झाकून ठेवता आली. कृष्णाची आई निर्दय ठरली तर ती कृष्णाची आई, शफीकची नव्हे. कल्पिताचा हा पडदा गरिबाला फार मोलाचा असतो. श्रीमंताचे खासगीपण त्याच्या कुंपणाच्या भिंती सांभाळतात, गरिबाला तेवढी भिंत नसते.

मागे एकदा हा चित्रपट महाविद्यालयात दाखविला होता. खेळ संपल्यावर विद्यार्थ्यांनी गणपतीच्या मिरवणुकीवर, गर्दीत हरवून अखेर एका पायरीवर भोवरा हाती घेऊन बसलेल्या कृष्णावर बरेच काही बोलावे, अशी माझी अपेक्षा होती. मागच्या बाकावरची, रोज बसने ये-जा करणारी एक मुलगी उठली आणि तिने एवढेच विचारले, "सर, त्या मुलाले किती पैसे भेटले?" वर्गात थोडी खसखस पिकली. पण प्रश्न पहिल्या प्रतीचा होता. 

त्याचे उत्तर असे. कृष्णाचे काम करणारा शफीक सय्यद हा बंगळूरहून पळून मुंबईला आलेला आणि खरोखरच रस्त्यावर राहणारा मुलगा होता. कार्यशाळेला आल्याबद्दल दिवसाला वीस रुपये मिळत, असे त्याने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. या भूमिकेबद्दल त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाला १९८८ च्या कान महोत्सवात पदार्पणाचे पारितोषिक आणि प्रेक्षकांचेही पारितोषिक मिळाले. त्यानंतर गौतम घोष यांच्या 'पतंग' या चित्रपटात शफीक दिसला आणि मग त्याला कोणी बोलाविले नाही. तो बंगळूरला परतला आणि तेथे ऑटोरिक्षा चालवून संसार करू लागला. 

ही हकिगत वर्तमानपत्रांतून 'तारा निखळला' अशा सुरात अनेकदा छापून आली. मला तो सूर मान्य नाही. रिक्षा चालविणे ही काही शोकांतिका नव्हे. पळून आलेल्या मुलाला घर लाभले ही तर बरी गोष्ट झाली. प्रश्न आहे तो हिशेबाचा. चित्रपट हे असे भांडवल आहे की ते एकदा तयार झाले म्हणजे वर्षानुवर्षे उत्पन्न देत राहते. मजुरी मात्र एकदाच मिळते. 'विषय' कामगार झाला हे खरे, भागीदार झाला नाही हेही खरे.

याची जाणीव श्रीमती नायर यांना होती, असे म्हणावयास जागा आहे. कारण चित्रपटाच्या उत्पन्नातून १९८८ मध्येच 'सलाम बालक ट्रस्ट' उभा राहिला. त्यांच्या मातोश्री प्रवीण नायर यांनी त्यात पुढाकार घेतला. दिल्ली आणि मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी निवारा, शिक्षण, औषधपाणी असे काम ट्रस्टने उभे केले. चित्रपटगृहांतून चित्रपट कधीच उतरला, पण त्या कामात त्याचे नाव राहिले. भारतीय चित्रपटसृष्टीच्या इतिहासात याला तोड सापडणे कठीण आहे. म्हणजे घेतलेल्याची परतफेड व्यक्तीला झाली नाही, वर्गाला झाली. नटाला हिस्सा नाही, पण नटासारख्या इतर मुलांना छप्पर. हा न्याय पुरा आहे का? माझ्या मते नाही. परंतु बाकीच्यांच्या वहीत हे खातेच उघडलेले नसते, हे लक्षात घेता त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

परदेशात राहून इथली गरिबी दाखविणाऱ्यांवर आपल्याकडे एक ठराविक आक्षेप घेतला जातो. १९८० च्या सुमारास राज्यसभेच्या सदस्या असताना नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय यांच्यावर भारताचे दारिद्र्य परदेशी विकल्याचा आरोप केला होता. राय हे परदेशस्थही नव्हते. गंमत अशी की पाचशे रुपयांच्या कर्जापायी नांगराला खांदा देणारी 'मदर इंडिया'तली राधा नर्गिसबाईंनीच साकारली होती, आणि तो चित्रपटही परदेशी पारितोषिकासाठी गेलाच होता. 

निर्यातीला माझा विरोध नाही. निर्यातीचे मूल्य कोठे जमा होते, एवढाच प्रश्न अर्थशास्त्र विचारते. वऱ्हाडातल्या माणसाला हे कापसाच्या उदाहरणाने चटकन कळेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही जी नॅरोगेज गाडी आपण 'शकुंतला' म्हणून ओळखत होतो, ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एका ब्रिटिश कंपनीने टाकली ती आपल्या सोयीसाठी नव्हे, कापसाच्या गाठी वाहण्यासाठी. सरकी निघाली इथे, सूत निघाले तिकडे, कापड विणले तिकडे, आणि तेच कापड दसपट भावाने परत आले ते आपण लग्नासाठी कर्ज काढून घेतले. दुःखाची कहाणी हाही कच्चा मालच आहे. ती इथून गाठी बांधून जाते, तिच्यावर प्रक्रिया दुसरीकडे होते, आणि तयार मालाचा भाव पिकविणाऱ्याला कळतही नाही. 'सलाम बॉम्बे'ला पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शनचा होता, तसाच ब्रिटनच्या चॅनेल फोरचा आणि फ्रान्सचाही होता. पैसा कोणाचा यापेक्षा परतीचा माल कोणापर्यंत पोचला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

देशांतरितांच्या गोष्टी श्रीमती नायर यांनी पुढेही सांगितल्या. युगांडातून १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललेल्या भारतीयांवरचा 'मिसिसिपी मसाला' (१९९१) आणि अमेरिकेतल्या बंगाली कुटुंबाचा 'द नेमसेक' (२००६) हे त्यांतले ठळक. कंपाला येथे त्यांनी तरुण आफ्रिकी चित्रपटकारांसाठी प्रशिक्षणसंस्थाही काढली. तिच्यामागचा विचार असा की आपली गोष्ट आपण सांगितली नाही, तर ती दुसरे कोणीही सांगणार नाही. या वाक्याचा रोख आपल्या जिल्ह्याकडे वळविल्याशिवाय माझ्याने राहवत नाही.

'सलाम बॉम्बे' पुरा होण्याच्या दोन वर्षे आधी, १९ मार्च १९८६ रोजी, महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आपले जीवन संपविले. त्या वेळी एकही कॅमेरा चिलगव्हाणला आला नाही. कॅमेरे आले ते पुढच्या शतकात, आणि मग ते येतच राहिले. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले. प्रत्येक वेळी गाड्या आल्या, ध्वनिक्षेपक आले, प्रश्नावल्या आल्या.

त्यांतल्या एका चित्रपटाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. मूळचे इस्रायलचे आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झालेले दिग्दर्शक मिका पेलेड यांनी आपल्या तेलंग टाकळी या गावात राहून 'बिटर सीड्स' (२०११) हा चित्रपट केला. अमेरिकेतील महादुकाने आणि चीनमधील जीन्सचे कारखाने यांवरच्या दोन चित्रपटांनंतरचा हा तिसरा. दुकानापासून मागे मागे जात ते बियाण्यापर्यंत पोचले. पेरणीपासून वेचणीपर्यंत एका कापूस उत्पादकाचा एक हंगाम, आणि शेजारची वार्ताहर होऊ पाहणारी महाविद्यालयीन मुलगी, असा त्याचा आराखडा. माणसे खरी, गाव खरे, कर्ज खरे. पण रचना एखाद्या कादंबरीसारखी, पुढे काय होणार ही हुरहुर लावणारी. श्रीमती नायर यांनी कथेला वास्तवाचे अस्तर लावले, तर यांनी वास्तवाला कथेचे. चित्रपट प्रामाणिक आहे आणि त्याने आपला प्रश्न जगापुढे नेला, हे मान्य करूनही एक फरक उरतोच. त्यातला शेतकरी कृष्णा नाही, तो तोच आहे. सावकाराच्या दारात उभा असलेला, मुलीच्या लग्नाच्या काळजीने वाकलेला माणूस पडद्यावरून उतरल्यावर त्याच गावात, त्याच तोंडाने वावरणार असतो. कल्पिताचा पडदा त्याच्या वाट्याला आलेला नाही. याउलट सतीश मन्वर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या मराठी चित्रपटात नवरा जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने त्याच्यावर डोळ्यात तेल घालून पहारा ठेवणारी बायको आहे. ती कल्पित आहे, म्हणूनच तिची धास्ती आपल्याला निःसंकोचपणे पाहता येते. खऱ्या घरात कॅमेरा लावून ती पाहणे मला तरी जमणार नाही.

सरकारलाही माणसाचे दुःख पुराव्यानिशी लागते. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणी मदतीचे जे निकष ठरले, त्यांत जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, त्याच्या वसुलीचा तगादा हवा. मगच प्रकरण 'पात्र'. २००६ च्या निर्णयानुसार पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये, त्यांपैकी तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. सातबारा सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज कृषिकेंद्रवाल्याच्या उधारीचे असेल, तर प्रकरण 'अपात्र' होण्याची भीती. म्हणजे तहसीलदाराला अनुबोधपट हवा असतो आणि विधवेकडे असते फक्त गोष्ट. मंजूच्या आईसारखीच तीही रकान्यात बसत नाही.

एकाच विधवेला तिची गोष्ट तलाठ्यापुढे, समितीपुढे, पत्रकारापुढे, पीएच.डी. करणाऱ्यापुढे आणि चित्रपटवाल्यापुढे पुनःपुन्हा सांगावी लागते. दर वेळी ती नव्याने रडते, आणि रडली नाही तर पाहुण्यांना चुकल्यासारखे वाटते. या सांगण्याला आपण श्रम मानत नाही. मानावयास हवे. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वप्रथम करणाऱ्या महाराष्ट्राला हे जड जाऊ नये. जिल्ह्यात येऊन चित्रीकरण करणाऱ्याने ज्याचे आयुष्य टिपले त्याला नटाचा दर द्यावा, एवढी मोठी मागणी मी करीत नाही. तयार चित्रपट त्याच गावात, समाजमंदिराच्या भिंतीवर का होईना, मराठीत दाखवावा आणि एक प्रत जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. आणि सीतादहीच्या, वेचणीच्या दिवसांत बाई कॅमेऱ्यापुढे बसते तेव्हा तिची त्या दिवसाची किलोमागची मजुरी बुडते. चित्रपटाच्या अंदाजपत्रकात गाडीच्या डिझेलला जसा रकाना असतो, तसा निदान तिच्या त्या खाड्याला एक असावा.